मताचा हिशोब देणारे बाबासाहेब

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्र आपल्या घराघरांत सांगितले जाते. महाडचे चवदार तळे, नाशिकचे काळाराम मंदिर, पुणे करार, भारताची घटना आणि नागपूरची दीक्षाभूमी हे टप्पे आपल्या लहान मुलांनाही पाठ असतात. परंतु या टप्प्यांच्या मधल्या काळात बाबासाहेब एक काम सातत्याने करीत होते, त्याकडे आपले लक्ष फारसे जात नाही. ते काम म्हणजे कायदेमंडळाच्या सभासदाचे. १९२७ पासून १९५६ पर्यंत, मधले थोडे खंड सोडले तर, ते कोणत्या ना कोणत्या सभागृहात बसत होते. तेथे त्यांनी अनेकदा अशा भूमिका घेतल्या की ज्या आपल्याच लोकांना प्रथम रुचल्या नाहीत. अशा प्रत्येक वेळी माझ्यावर विश्वास ठेवा एवढेच सांगून ते थांबले असते, तरी समाजाने ऐकले असते. ते तसे थांबले नाहीत. आपण असे का केले याची कारणे त्यांनी सभेत आणि आपल्या पत्रांतून मांडली. नव्यानेच बुद्धाच्या मार्गावर आलेल्या कुटुंबांनी बाबासाहेबांच्या आयुष्याची ही बाजू मुद्दाम समजून घेतली पाहिजे.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्म, मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात पदवी, मग अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठ आणि लंडन येथील उच्च शिक्षण, हा भाग आपणास ठाऊकच आहे. १९२३ साली ते बॅरिस्टर होऊन मायदेशी परतले आणि १९२४ साली त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा काढली. पुढे मुंबईच्या गव्हर्नरांनी त्यांना मुंबई कायदे कौन्सिलवर नेमले आणि १९२७ च्या फेब्रुवारीत ते कौन्सिलात बसू लागले. त्यांच्याबरोबर डॉ. पुरुषोत्तम सोळंकी हेही दलित वर्गाचे नेमलेले सभासद होते.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्या काळी मताचा अधिकार सर्वांना नव्हता. जमीनमहसूल, मिळकत अशा अटींवर मत मिळे. ज्यांच्या वतीने बाबासाहेब बोलत होते त्यांच्यापैकी बहुतेकांना मतच नव्हते, आणि बाबासाहेब सरकारने नेमलेले. म्हणजे रीतीने पाहिले तर ते सरकारखेरीज कोणालाही उत्तर देणे लागत नव्हते. असे असूनही त्याच वर्षी, ३ एप्रिल १९२७ रोजी, त्यांनी 'बहिष्कृत भारत' हे पाक्षिक सुरू केले आणि त्यातून कायद्याचे प्रश्न खेड्यातल्या माणसाला कळतील अशा मराठीत लिहू लागले. वाचता येणारा एखादाच असे. तो चावडीवर किंवा समाजाच्या वस्तीत मोठ्याने वाची आणि बाकीचे ऐकत. मत नसलेल्या माणसालाही कारण विचारण्याचा अधिकार आहे, हे त्यांनी अशा रीतीने आधीच मान्य करून टाकले होते.

कौन्सिलातील पहिल्याच अंदाजपत्रकाच्या चर्चेत त्यांनी जमीनमहसुलावर टीका केली. शहरातल्या नोकरदाराला ठराविक उत्पन्नापर्यंत प्राप्तिकर लागत नाही, पण एका एकराच्या कुणब्याला पीक बुडाले तरी सारा भरावा लागतो, हा अन्याय त्यांनी दाखवून दिला. मार्च महिन्यात शिक्षणावरील खर्चाची चर्चा निघाली तेव्हा, दारूच्या करातून लोकांकडून जेवढा पैसा सरकार घेते निदान तेवढा तरी त्यांच्या शिक्षणावर घालावा, अशी त्यांची मागणी होती. आम्ही शिक्षक मंडळी आजही अंदाजपत्रक आले की शाळेचा आकडा तेवढा शोधतो. बाबासाहेब त्या आकड्याशेजारी दुसरा आकडा ठेवून दोन्ही लोकांना दाखवीत. ही त्यांची रीत पुढे शेवटपर्यंत राहिली.

आता सर्वांत अवघड प्रकरणाकडे वळू. ते महार वतनाचे.

नव्या पिढीला वतन हा शब्द ऐकूनही माहीत नसेल, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. १८७४ च्या वतन कायद्याप्रमाणे महार हा गावाचा वंशपरंपरागत कनिष्ठ नोकर होता. साऱ्याची रक्कम तालुक्याच्या खजिन्यात पोहोचविणे, सरकारी अंमलदार आला की त्याच्यामागे धावणे, लोकांना चावडीवर बोलावणे, शिवेच्या खुणा दाखविणे, टपाल नेणे, ही कामे त्याच्याकडे असत. कामाला वेळ नव्हती. रात्री हाक आली तरी निघावे लागे. पाळीचा माणूस घरी नसला तर त्याच्या बापाला, भावाला, घरातील कोणालाही धरून नेत. मोबदला काय? थोडी इनाम जमीन, गावकऱ्यांकडून धान्याच्या रूपाने मिळणारे बलुते आणि काही ठिकाणी सरकारकडून नाममात्र पैसा. जमिनीची वाटणी पिढ्यान् पिढ्या होत जाऊन एकेका घराच्या वाट्याला चिंधीएवढा तुकडा उरला होता. बलुते तर गावाच्या मर्जीवर. गाव रागावले की बलुते बंद. महार माणसाने स्वच्छ कपडे घातले, मुलाला शाळेत घातले, मेलेले ढोर ओढायचे नाकारले की पहिला घाव बलुत्यावर पडे.

इतके असूनही समाजाला वतनाचा अभिमान होता, हे विसरून चालणार नाही. आम्ही वतनदार आहोत, गावच्या शिवेची साक्ष आमची आहे, असे जुनी माणसे छाती पुढे काढून सांगत. जमीन थोडी का असेना, ती आपली होती. उपाशी घराला बलुत्याची भाकर दिसत होती. अशा लोकांना, ही भाकर हीच तुमची बेडी आहे, असे कोणी सांगायचे आणि सांगितले तरी ते कोण ऐकणार?

बाबासाहेबांनी ते सांगितले. 'बहिष्कृत भारता'त त्यांनी वतनावर लिहिले आणि १९२८ च्या मार्चमध्ये वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक कौन्सिलात मांडले. त्यातील तरतुदींचा गाभा असा होता. ज्या वतनदारांना नोकरी नको असेल त्यांना तीतून मोकळे व्हावे. त्यांनी जमिनीचा पूर्ण सारा भरावा आणि जमीन स्वतःकडे ठेवावी. बलुत्याऐवजी गावकऱ्यांनी रोख रक्कम द्यावी, ती साऱ्याबरोबर सरकारने वसूल करावी आणि नोकरीवर राहणाऱ्यांना पगार म्हणून द्यावी. नोकरांची कामेही नियमाने ठरवून द्यावीत.

या विधेयकावर दोन्ही बाजूंनी हल्ला झाला. गावच्या रयतेला वाटले की हा आपल्यावर नवा कर बसतो आहे. आपल्या लोकांना वाटले की कमी साऱ्याची सवलत जाणार, बलुते जाणार आणि हातात काहीच राहणार नाही. ही भीती खोटी नव्हती. गरीब माणूस हातातले थोडे सोडून पुढच्या मोठ्या गोष्टीवर सहज विश्वास टाकीत नाही, आणि त्याने तो टाकू नये असेच त्याला अनुभवाने शिकविलेले असते. बाबासाहेबांनी या भीतीला अडाणीपणा म्हणून हिणविले नाही. त्यांनी हिशोब मांडला. वतनापासून मिळते किती आणि त्यासाठी घरातल्या सर्वांचे श्रम जातात किती? तेच श्रम बाहेर विकले तर काय येईल? मुलाला शाळेतून काढून पाळीवर पाठवावे लागते त्याची किंमत काय? आणि ज्याच्या दारात भाकर मागायला जायचे त्याच्याशी बरोबरीने बोलता येईल काय? हे प्रश्न त्यांनी समाजापुढे ठेवले आणि उत्तर समाजाला शोधायला लावले.

विधेयक निवड समितीकडे गेले. तेथे त्याचे रूप बदलले, सरकारचा पाठिंबा मिळाला नाही आणि १९२९ साली बाबासाहेबांनी ते मागे घेतले. १९३७ साली त्यांनी पुन्हा तसेच विधेयक आणले, तेही पार पडले नाही. १९३९ च्या डिसेंबरात नगर जिल्ह्यातील हरेगाव येथे महार-मांग वतनदारांची परिषद भरली, तेथे वतन जमिनीवरील वाढीव जुडीविरुद्ध त्यांनी आवाज उठविला. शेवटी कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा १९५८ साली झाला आणि तो १ ऑगस्ट १९५९ पासून अमलात आला. त्या वेळी बाबासाहेब हयात नव्हते. पण कायदा आला तेव्हा तो आपल्या भल्याचा आहे की नाही, असा गोंधळ समाजात फारसा उरला नव्हता. तीस वर्षे त्याची कारणे समाजाने ऐकली होती.

सभासद म्हणून बाबासाहेबांच्या भूमिका बदललेल्याही दिसतात आणि विरोधक अजून त्यावर बोट ठेवतात. सायमन कमिशनला साहाय्य करणाऱ्या मुंबई प्रांतिक समितीवर ते होते. १९२९ च्या मे महिन्यात त्यांनी समितीच्या अहवालावर सही न करता आपला वेगळा अहवाल दिला. त्यात सर्व प्रौढांना मत द्यावे आणि मग राखीव जागा संयुक्त मतदारसंघात असाव्यात असे त्यांचे म्हणणे होते. पुढे गोलमेज परिषदेत त्यांनी स्वतंत्र मतदारसंघ मागितले. हा उलटेपणा होता काय? अटीकडे पाहिले म्हणजे उत्तर मिळते. सर्वांना मत मिळाले तर संयुक्त मतदारसंघात आपल्या माणसाच्या मताला वजन येते. ते मिळत नाही असे दिसू लागले तेव्हा दुसरा मार्ग धरणे भाग होते. १९३२ च्या जातीय निवाड्याने प्रांतिक कायदेमंडळांत दलित वर्गांना ७१ स्वतंत्र जागा दिल्या होत्या. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे कराराने त्या १४८ झाल्या, पण संयुक्त मतदारसंघाच्या. काय मिळाले आणि काय गेले, या दोन्ही गोष्टी बाबासाहेबांनी पुढे वर्षानुवर्षे लोकांसमोर उघड मांडल्या. करार त्यांनीच केला होता, तरी त्याचे गोडवे गाणे त्यांना आवश्यक वाटले नाही.

संपाच्या बाबतीतही असेच झाले. १९२८-२९ च्या मुंबईतील गिरणी संपांच्या वेळी बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना एक प्रश्न विचारला होता. गिरणीच्या विणकाम खात्यात अस्पृश्य कामगाराला घेत नाहीत, कारण तेथे तुटलेला धागा तोंडाने ओला करावा लागतो आणि विटाळ होतो. हा अन्याय तुमच्या मागण्यांत आहे काय? १९२९ चा संप तर त्यांनी नापसंत केला आणि आपल्या लोकांना कामावर जाण्यास सांगितले. मात्र १९३८ साली तेच बाबासाहेब संपाचे पुढारी झाले.

मधल्या काळात, १९३६ च्या ऑगस्टमध्ये, त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला होता. १९३७ च्या निवडणुकीत मुंबईच्या भायखळा-परळ भागातून, काँग्रेसचे उमेदवार आणि नामांकित क्रिकेटपटू पाळवणकर बाळू यांच्यापेक्षा सुमारे दोन हजार मते अधिक मिळवून ते असेंब्लीत आले. आता त्यांना मतदार होते, आणि ते मतदार चाळीतले गिरणी कामगार होते. सप्टेंबर १९३७ मध्ये त्यांनी कोकणातील खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले आणि १० जानेवारी १९३८ रोजी शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर नेला. त्या मोर्चातले पुष्कळ कुणबी शेतकरी आपल्या समाजाचे नव्हते. फेब्रुवारीत मनमाडच्या रेल्वे कामगारांच्या परिषदेत त्यांनी आपली भूमिका समजावून दिली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे कामगाराचे दोन शत्रू आहेत आणि एकाशी लढताना दुसऱ्याला विसरून चालत नाही, असा त्या भाषणाचा आशय होता. १९२९ आणि १९३८ यांची सांगड येथे लागते. सप्टेंबरमध्ये खेर मंत्रिमंडळाने औद्योगिक कलहाचे विधेयक आणले. त्यात संप करण्यावर अनेक बंधने होती. काम न करण्याचा हक्क नसेल तर माणूस गुलाम झाला, या विचाराने बाबासाहेबांनी सभागृहात कडाडून विरोध केला. बहुमत सरकारचे होते, विधेयक मंजूर झाले. मग ७ नोव्हेंबर १९३८ रोजी एक दिवसाचा संप झाला, त्यात कम्युनिस्ट पुढाऱ्यांबरोबर बाबासाहेब उभे राहिले. पोलिसांनी गोळीबार केला, कामगार जखमी झाले.

त्या संपानंतर तीनच दिवसांनी त्यांच्या पक्षाचे सभासद पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव असेंब्लीत मांडला. मसुदा बाबासाहेबांचा होता. हा विषय उघड काढणे त्या काळी किती कठीण होते याची कल्पना आपल्या माताभगिनींना येईल. ठराव मोठ्या बहुमताने पडला. मते मिळविण्याचा हेतू असता तर असला ठराव कोणीही मांडला नसता.

१९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. या काळातले एक प्रकरण आपल्याकडे कमी सांगितले जाते, कारण ते गैरसोयीचे आहे. युद्धात कोळशाची टंचाई पडली म्हणून स्त्रियांनी खाणीत जमिनीखाली काम करण्यावरची बंदी १९४३ मध्ये सरकारने उठविली. देशात आणि परदेशांत टीका झाली. १९४४ च्या फेब्रुवारीत मध्यवर्ती असेंब्लीत बाबासाहेबांना या निर्णयाचे समर्थन करावे लागले. हे चांगले काम आहे असा आव त्यांनी आणला नाही. आणीबाणीमुळे तात्पुरते करावे लागत आहे असे त्यांनी सांगितले, आणि स्त्रीला पुरुषाइतकीच मजुरी मिळेल हे तत्त्व त्यात घातले आहे हेही दाखविले. १९४६ च्या फेब्रुवारीपासून बंदी पुन्हा लागू झाली. माझ्या मते हे प्रकरण झाकून ठेवण्याचे कारण नाही. ज्याच्या हातात कारभार असतो त्याला कधी दोन वाईटांतून एक निवडावे लागते, आणि त्या वेळी तो वाईटाला वाईट म्हणतो की नाही यावरून त्याची परीक्षा होते. त्याच कारकीर्दीत कारखान्यातील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला, हेही नमूद केले पाहिजे.

घटना समितीतील त्यांचे कार्य सर्वश्रुत आहे, त्यावर येथे जागा खर्च करीत नाही. हिंदू कोड बिलाकडे येऊ. कायदेमंत्री म्हणून बाबासाहेबांनी हे बिल वर्षानुवर्षे चालविले. मुलीला वारसा, स्त्रीला घटस्फोटाचा हक्क, एकपत्नीत्व, या गोष्टी त्यात होत्या. १९५१ च्या सप्टेंबरपर्यंत त्याची अवघी चार कलमे मंजूर झाली आणि बिल सोडून देण्यात आले. बाबासाहेबांनी राजीनामा दिला. ११ ऑक्टोबर १९५१ रोजी ते लोकसभेपूर्वीच्या त्या तात्पुरत्या संसदेत आपले निवेदन करण्यास उभे राहिले, तेव्हा निवेदनाची प्रत आधी दिल्याशिवाय आणि ठरविलेल्या वेळेआधी बोलता येणार नाही असे सांगण्यात आले. बाबासाहेब सभागृहाबाहेर पडले आणि त्यांनी ते निवेदन वर्तमानपत्रांच्या हाती दिले. अनुसूचित जातींची उपेक्षा, परराष्ट्र धोरण, काश्मीर, मंत्रिमंडळात आपल्याला मिळालेली वागणूक आणि हिंदू कोड, अशी कारणे त्यांनी एकामागून एक लिहिली होती. सभागृहाने ऐकले नाही तर देशाने वाचावे, अशी ती व्यवस्था होती.

तीनच महिन्यांनी निवडणूक झाली. उत्तर मुंबईच्या राखीव जागेवर काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांनी बाबासाहेबांचा सुमारे चौदा हजार मतांनी पराभव केला. १९५४ च्या भंडारा पोटनिवडणुकीतही ते हरले. मग १९५२ पासून अखेरपर्यंत ते राज्यसभेचे सभासद राहिले. हिंदू कोड पुढे १९५५-५६ मध्ये चार वेगवेगळ्या कायद्यांच्या रूपाने आले. आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसते की हे विवाहाचे व वारसाचे कायदे बौद्धांनाही लागू आहेत. कायद्याच्या नावात हिंदू शब्द आहे म्हणून काही बांधवांना राग येतो, आणि तो समजण्यासारखा आहे. पण बापाच्या मिळकतीतील मुलीचा वाटा ज्या कायद्यातून आला त्याची पायाभरणी करताना बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडले होते, हे लेकीला सांगायला हरकत नाही.

राज्यसभेतले एक प्रकरण फार गाजले. १९५३ साली आंध्र राज्याच्या विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी घटना जाळून टाकण्याची भाषा केली. विरोधकांना ते वाक्य मिळाले आणि आपले लोकही गोंधळले. दीड वर्षांनी, १९ मार्च १९५५ रोजी, याच सभागृहात कोणीतरी ते काढले तेव्हा बाबासाहेबांनी उत्तर दिले. देवासाठी देऊळ बांधावे आणि देव बसविण्याआधी त्यात सैतानाने ठाण मांडावे, असे झाले तर देऊळच पाडावे लागेल, असा त्यांनी दिलेला दृष्टांत होता. बोललेला शब्द त्यांनी नाकारला नाही, त्याचा अर्थ मात्र स्पष्ट केला.

त्याच वर्षी शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनने कायदेमंडळांतील राखीव जागा रद्द कराव्यात असा ठराव केला. ज्या जागांसाठी आयुष्य वेचले त्या स्वतःच नको म्हणायच्या? गावोगावच्या कार्यकर्त्यांना हे पचणे कठीण होते. कारण असे होते की राखीव जागेवरचा माणूस आता दुसऱ्यांच्या मतांवर निवडून येई आणि त्यांचाच होऊन राही. काजरोळकरांच्या निवडणुकीने ते सर्वांना दाखविलेच होते. घटनेत या जागांची मुदत दहा वर्षांची होती. ती पुढे वेळोवेळी वाढत आली आहे, आणि त्या ठरावावर आपल्यात अजून वाद होतात. तो वाद जरूर व्हावा.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो लोकांनी धम्मदीक्षा घेतली. दुसऱ्याच दिवशी सकाळी बाबासाहेब पुन्हा त्या लोकांपुढे उभे राहिले, प्रकृती ढासळलेली असताना, आणि आपण हे का केले हे त्यांनी विस्ताराने सांगितले. नागपूरच का निवडले, इतकी वर्षे का लागली, सर्वांची उत्तरे दिली. मेलेली ढोरे ओढणे सोडा असे आपण सांगितले तेव्हा, कातडी-हाडांचे एवढे उत्पन्न बुडते असा जमाखर्च कोणी वर्तमानपत्रांत मांडला होता, त्याचाही समाचार घेतला. धर्म बदलल्यावर आपल्या सवलतींचे काय होणार, हा प्रश्न प्रत्येक घरात होता. तो प्रश्न त्यांनी टाळला नाही. ते हक्क पुन्हा मिळविण्याची जबाबदारी त्यांनी आपल्यावर घेतली.

६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्ली येथे त्यांचे महापरिनिर्वाण झाले, तेव्हा ते राज्यसभेचे सभासद होते. महाराष्ट्रात नवबौद्धांना राज्याच्या सवलती १९६० पासून मिळू लागल्या. केंद्राच्या अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश होण्यास १९९० साल उजाडले. मधली चौतीस वर्षे ज्या कुटुंबांनी शाळा-कॉलेजच्या अर्जावर जातीच्या रकान्यात काय लिहावे याचा विचार करीत काढली, आणि तरीही बौद्ध असेच लिहिले, त्यांना ते का लिहायचे हे नागपूरला समजावून सांगितलेले होते.